पिल्लू घेण्याआधी वाचायचे कागद: यूएसडीएचं ‘अ‍ॅनिमल केअर पब्लिक सर्च टूल’

अमेरिकेत कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायचं घरात चाललं असेल, तर दुकानात पाऊल टाकण्याआधी अर्धा तास या पानासाठी काढा. अमेरिकेच्या कृषी खात्यात, म्हणजे यूएसडीएत, एफिस नावाचा विभाग आहे. प्राणी कल्याण कायद्याखाली ज्यांना परवाना किंवा नोंदणी लागते त्यांची तपासणी या विभागाचे इन्स्पेक्टर करतात. त्यात पिल्लांची पैदास करणारे ब्रीडर आले, दलाल आले, प्राणिसंग्रहालयं आणि सर्कशी आल्या, विद्यापीठांच्या नि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आल्या, जनावरांची ने-आण करणाऱ्या विमान कंपन्याही आल्या. इन्स्पेक्टरने लिहिलेला अहवाल या सर्च टूलवर कुणालाही वाचता येतो. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि तुम्हाला हा कागद कशासाठी हवाय असं कुणी विचारत नाही. मी पाचपैकी चार तारे देते आहे. पाचवा तारा का राखून ठेवला ते पुढे सविस्तर लिहिलंय.

मी न्यू जर्सीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करते. आमच्याकडे एफडीएचे, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, इन्स्पेक्टर येतात, त्रुटी सापडल्या तर जाताना त्या ‘४८३’ नावाच्या फॉर्मवर लिहून देतात, आणि पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं म्हणून आमचा सगळा विभाग कामाला लागतो. दुसऱ्या कंपन्यांना मिळालेले ४८३सुद्धा आम्ही वाचतो, कारण ते शिकण्यासारखे असतात. त्यामुळे तपासणीचा अहवाल कसा वाचायचा, कुठलं वाक्य नियमापुरतं लिहिलंय आणि कुठल्या वाक्यात इन्स्पेक्टरने ठाम बोट ठेवलंय, हे मला सवयीने कळतं. लेकीने कुत्र्याचा हट्ट धरला आणि आम्ही जवळच्या एका दुकानात गेलो, तेव्हा हीच सवय उपयोगी पडली.

दुकान स्वच्छ होतं. काचेमागे पिल्लं होती, प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड. आम्ही थोडं खोलात विचारायला लागलो तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, आमचे सगळे ब्रीडर यूएसडीए लायसन्स्ड आहेत. हे वाक्य तुम्हाला कुठल्याही दुकानात ऐकू येईल, आणि ते अशा सुरात येतं की जणू सरकारने त्या ब्रीडरची पाठ थोपटली आहे. परवाना म्हणजे पाठ थोपटणं नव्हे. धंदा करायला कायद्याने जे किमान लागतं ते म्हणजे परवाना. तीन वर्षांसाठी १२० डॉलर फी असते, आणि २०२० साली नियम बदलल्यापासून परवाना घेताना सगळ्या अटी पाळल्याचं तपासणीत दाखवावं लागतं. त्याच्या आधी दरवर्षी फी भरून नूतनीकरण होत असे. हा बदल चांगलाच आहे. पण त्या तीन वर्षांत त्या जागेत काय घडलं हे परवान्यावर छापलेलं नसतं. ते अहवालात असतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांचं एक बरं आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे दुकानदाराला पिल्लू कुठल्या ब्रीडरकडून आलं, त्याचा यूएसडीए नंबर काय, हे पिंजऱ्यापाशी लावावं लागतं, आणि गंभीर ठपका असलेल्या ब्रीडरकडून माल घ्यायला त्याला बंदी आहे. म्हणून आधी कार्डाचा फोटो काढा. नंबरात तीन तुकडे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, उदाहरणार्थ ४३ म्हणजे मिझुरी आणि ४२ म्हणजे आयोवा. मधलं अक्षर महत्त्वाचं. ‘ए’ असेल तर तो माणूस स्वतःच्या जागेत पैदास करून विकतो. ‘बी’ असेल तर तो दलाल, म्हणजे पिल्लू दुसऱ्याकडे जन्मलं, याच्याकडे आलं आणि मग दुकानात. ‘सी’ म्हणजे प्राणी लोकांना दाखवणारा. कार्डावर नुसता ‘बी’ नंबर असेल तर तिथेच थांबून विचारा की जन्म कुठे झाला, त्या माणसाचा नंबर द्या. पिल्लाच्या आईला ज्या पिंजऱ्यात ठेवलंय तो दलालाकडे नसतो, त्यामुळे दलालाचा अहवाल कितीही स्वच्छ निघाला तरी त्यातून आईचं काही कळत नाही.

टूलमध्ये नावाने, राज्याने, परवान्याच्या प्रकाराने शोधता येतं, पण नंबर टाकणं सगळ्यात सोपं. एकाच आडनावाचे, एकाच गावातले डझनभर ब्रीडर असू शकतात. नंबर टाकला की तपासण्यांची यादी येते, तारखेप्रमाणे, आणि प्रत्येकीची पीडीएफ.

आता अहवाल उघडल्यावर काय बघायचं ते सांगते.

बहुतेकांची नजर ‘एकही त्रुटी आढळली नाही’ या ओळीवर जाते आणि ते खिडकी बंद करतात. मी आधी अहवालाच्या शेवटी जाते. तिथे तपासणीच्या दिवशी कुठले प्राणी किती होते ते लिहिलेलं असतं, मोठी कुत्री वेगळी, पिल्लं वेगळी. हा आकडा वर्षागणिक कसा बदलत गेला ते बघा. मी चाळलेल्या एका ब्रीडरकडे दोन वर्षांत मोठ्या कुत्र्यांची संख्या दुपटीच्या पुढे गेली होती, आणि त्रुटींचे शेरेही नेमके त्याच काळात सुरू झाले होते. हात तेवढेच आणि तोंडं दुप्पट, की पाणी, साफसफाई, दातांची काळजी यांना उशीर होणारच. हे मी कारखान्यातही बघितलंय. उत्पादन वाढतं, माणसं वाढत नाहीत, आणि पुढच्या ऑडिटमध्ये ते दिसतं.

मग तपासणीचा प्रकार बघा. तपासणी आगाऊ न कळवता होते, हा या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण. पण इन्स्पेक्टर दारात आला आणि आत घ्यायला कुणी जबाबदार माणूसच नसला, तर तो ‘तपासणीचा प्रयत्न’ अशी नोंद करून परत जातो. तीसुद्धा त्रुटीच, कलम २.१२६. एकदा झालं तर माणूस दवाखान्यात गेला असेल. पण एकाच ब्रीडरच्या यादीत असे प्रयत्न पुन्हा पुन्हा दिसले, तर त्या ब्रीडरकडून मी पिल्लू घेणार नाही. आमच्या धंद्यात इन्स्पेक्टरला फाटकाबाहेर उभं ठेवणाऱ्या कंपनीबद्दल काय बोलतात ते इथे लिहिण्याची गरज नाही.

त्यानंतर त्रुटी. प्रत्येकीला कलमाचा क्रमांक असतो. २.४० म्हणजे पशुवैद्यकीय देखभाल, आणि माझ्या मते हेच सगळ्यात आधी वाचायचं कलम. परवानाधारकाला एक ठरलेला व्हेट आणि देखभालीचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. इन्स्पेक्टर या कलमाखाली लिहितो तेव्हा एकेका कुत्र्याबद्दल लिहितो: कानातल्या टॅगचा नाहीतर मायक्रोचिपचा नंबर, रंग, जात, आणि मग काय दिसलं. मी वाचलेल्या एका अहवालात एका पूडल मादीच्या दाढांवर इतका थर साचला होता की दात दिसत नव्हते, हिरड्या मागे सरकून मुळं उघडी पडली होती, आणि इन्स्पेक्टरने ओठ वर केल्यावर तिने मान काढून घेतली. मालकाने सांगितलं की ती नीट खातेय, म्हणून व्हेटला दाखवलं नाही. इन्स्पेक्टरने हे तसंच्या तसं उतरवलं होतं, शेवटी ‘अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा’ अशी ओळ. त्या मादीची पिल्लं कुठल्यातरी दुकानात काचेमागे उड्या मारत असतील, आणि बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नसेल. या पानाची किंमत मला या अहवालाने पटवली.

त्रुटीच्या शेजारी ‘डायरेक्ट’, ‘क्रिटिकल’ किंवा ‘रिपीट’ असा शब्द आहे का ते बघा. ‘डायरेक्ट’ म्हणजे जनावराच्या तब्येतीवर आत्ता, या घडीला गंभीर परिणाम होतोय. हा शब्द दिसला की मी पुढे वाचत नाही, ब्रीडर यादीतून काढते. ‘क्रिटिकल’ म्हणजे तसा गंभीर परिणाम आधी होऊन गेलेला. ‘रिपीट’ म्हणजे मागे सांगितलेलं पुन्हा सापडलं. साधी त्रुटी एकदा असणं वाईट नाही. कुंपणाची तार निसटली, खाण्याच्या डब्याला झाकण नाही, असलं कुठेही होतं, आणि पुढच्या अहवालात ते दिसलं नाही म्हणजे माणसाने ऐकलं. शून्य त्रुटींच्या एका जुन्या अहवालापेक्षा, त्रुटी लिहिली गेली आणि सुधारली गेली असे चार-पाच अहवाल मला जास्त भरवशाचे वाटतात.

आणि ही कलमं नेमकी काय मागतात तेही एकदा वाचावं, कारण ‘सगळे नियम पाळतो’ म्हणजे किती, ते मग समजतं. पिंजऱ्याच्या जमिनीचं सूत्र असं आहे: कुत्र्याची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत इंचात मोजायची, त्यात ६ मिळवायचे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा आणि १४४ ने भागायचं. २४ इंच लांबीच्या कुत्र्याला ३० चा वर्ग ९००, भागिले १४४, म्हणजे सव्वासहा चौरस फूट. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद. उंची डोक्याच्या वर सहा इंच. कुत्रं एकटं ठेवलं असेल आणि याच्या दुप्पट जागा दिली, तर त्याला वेगळा व्यायाम देण्याची सक्तीही उरत नाही. बंद जागेत तापमान ८५ अंश फॅरनहाइटच्या वर सलग चार तासांहून जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे साधारण साडेएकोणतीस सेल्सिअस. पिण्याचं पाणी सतत समोर हवं, ही अट तर २०२० मध्ये आली. तोवर ती नव्हती! त्रुटी नसलेला अहवाल म्हणजे एवढं पाळलं गेलं, याहून जास्त काही नाही. अडीच फुटांत सगळं आयुष्य काढलेली मादी आणि अंगणात वाढलेली मादी, दोघींच्या मालकांचे अहवाल तितकेच स्वच्छ असू शकतात.

आता राखून ठेवलेला तारा. त्यासाठी व्हर्जिनियातल्या कंबरलँडचं उदाहरण सांगावं लागेल. ते मला जवळचं आहे, कारण तिथली कुत्री माझ्याच धंद्यासाठी वाढवली जात होती.

औषधाची विषारीपणाची चाचणी ज्या जनावरांवर होते त्यात बीगल (कुत्र्यांची एक जात) असतात. स्वभावाने गरीब, माणसाला पटकन विश्वासाने चिकटणारे, म्हणून बीगल. मी ज्या फायली तपासते त्यात हा शब्द येतो, अभ्यासाच्या क्रमांकासोबत, डोसच्या तक्त्यासोबत. हे बीगल पुरवणाऱ्यांपैकी एन्व्हिगो ही मोठी कंपनी, आणि कंबरलँडला त्यांची हजारो कुत्र्यांची पैदास चाले. जुलै २०२१ मध्ये यूएसडीएचे इन्स्पेक्टर तिथे गेले. त्यांचा अहवाल याच व्यवस्थेतून सगळ्यांसमोर आला. त्या वर्षी जानेवारीपासून जुलैपर्यंत तीनशेहून जास्त पिल्लं दगावली होती, कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’, आणि कारण शोधण्यासाठी पुढे काही केलेलं नव्हतं. पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांचं दूध आटावं म्हणून त्यांना सुमारे ४२ तास उपाशी ठेवण्याची पद्धत होती. मी हा अहवाल ऑफिसातून घरी येऊन रात्री वाचला, आणि दुसऱ्या दिवशी फायलीतला तो शब्द मला नेहमीसारखा वाचता येईना.

पण पुढे काय झालं? पुढच्या महिन्यांतही तपासण्या झाल्या, त्रुटी सापडत राहिल्या. मे २०२२ मध्ये न्याय खात्याने कोर्टात दावा लावला तोवर साठाहून जास्त त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त ‘डायरेक्ट’ किंवा ‘क्रिटिकल’. आणि परवाना चालूच होता. झडतीचं वॉरंट निघालं, दावा लागला, तीव्र हालात असलेली ४४६ कुत्री ताब्यात घेतली गेली, आणि त्या उन्हाळ्यात कोर्टाच्या परवानगीने सुमारे ४,००० बीगल देशभरच्या शेल्टरांत आणि तिथून घरांत गेले. जून २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. दंड आणि इतर रकमा धरून साडेतीन कोटी डॉलरच्या वर भरण्याचं ठरलं. शेवट झाला, पण पहिला अहवाल आणि झडती यांच्यामध्ये दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत इन्स्पेक्टरांनी त्यांचं काम केलं होतं. त्यांनी बघितलं, मोजलं, लिहिलं. त्यांच्या कागदावर वरच्यांनी वेळेत पाऊल उचललं नाही.

हे एकदाच घडलं असंही नाही. २०१० साली कृषी खात्याच्याच अंतर्गत महानिरीक्षकांनी या विभागाच्या कामावर अहवाल काढला होता. त्यात ओक्लाहोमातल्या एका ब्रीडरची हकीकत आहे. २९ त्रुटी लिहिल्या गेल्या, वेळेत कारवाई झाली नाही, आणि परवाना रद्द होईपर्यंत २७ कुत्री मेली होती. म्हणून अहवाल वाचताना यूएसडीएच्या कारवाईचं पान वेगळं उघडून त्या नंबरवर काही आदेश, दंड, नोटीस आहे का तेही बघा. नसेल तर ‘सगळं ठीक’ असं समजू नका. त्रुटींची यादी लांब आणि कारवाईचा रकाना कोरा, ही स्थिती इथे नवीन नाही. एफडीएच्या ४८३ ला नीट उत्तर दिलं नाही तर वॉर्निंग लेटर येतं, भारतातल्या कारखान्याचा माल बंदरावर अडतो, शेअर पडतो. म्हणून आम्ही घाबरतो. कुत्र्यांच्या बाबतीत तशी भीती घालणारं पुढचं पाऊल इतकं मंद आहे, याचा एक तारा.

आणि आज हे टूल आहे म्हणून ते कायम राहील असंही कुणी धरून चालू नये. ३ फेब्रुवारी २०१७ ला, शुक्रवारी, यूएसडीएने हे सगळे अहवाल संकेतस्थळावरून उतरवले होते. कारण दिलं व्यक्तींच्या खासगीपणाचं. एका दिवसात हजारो कागद दिसेनासे झाले. ज्याला हवेत त्याने अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली, म्हणजे सरकारी कागद मागण्याच्या कायद्याखाली, अर्ज करावा आणि वाट बघावी. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी दुकानदारांना ज्या अहवालांच्या आधारे खरेदी करायला सांगितलं होतं, ते अहवालच बघायला मिळेनात. त्याच वर्षी काही परत आले, पण बऱ्याच ब्रीडरांची ओळख काळ्या पट्ट्यांखाली. प्राणीहक्काच्या संस्था कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की सरकारने जे कागद आपणहून प्रसिद्ध करायचे असतात ते प्रसिद्ध करायला लावणं कोर्टाच्या अधिकारात आहे. आणि डिसेंबर २०१९ च्या खर्चाच्या विधेयकात संसदेने कलमच घातलं, की साठ दिवसांत सगळं परत लावा, नावं न झाकता. फेब्रुवारी २०२० मध्ये ते परत आलं. तीन वर्षं गेली मध्ये. त्या तीन वर्षांत ज्यांनी पिल्लं घेतली त्यांना आईची हकीकत वाचायची सोय नव्हती.

तपासणीचा, म्हणजे प्राणी कल्याण कायदा आणि माहितीचा कायदा, दोन्हींवर १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सह्या केल्या, माहितीच्या कायद्यावर ४ जुलैला आणि प्राण्यांच्या कायद्यावर २४ ऑगस्टला. आदल्या वर्षी पेनसिल्व्हेनियातून पेपर नावाची एक डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली होती. घरचे लोक शोधत फिरत राहिले, आणि ती दलालांच्या हातून न्यूयॉर्कच्या एका इस्पितळातल्या प्रयोगात मेल्याचं कळलं. लोक खवळले त्यातून हा कायदा झाला. त्या घरच्यांना आपली कुत्री कुठे आहे हे सांगणारा एकही कागद कुठे उघडा नव्हता, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त लागतं.

टूलमध्ये काय सापडणार नाही तेही सांगते, कारण आपल्यातले बरेच जण इथेच फसतात. आपल्याकडचे लोक शनिवारी गाडी काढून पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला शेतावरून पिल्लू आणायला जातात. समोरासमोर, विकणारा, घेणारा आणि जनावर एका जागी असताना होणाऱ्या विक्रीला यूएसडीए परवाना लागतोच असं नाही. म्हणजे शंभर कुत्री असलेला माणूससुद्धा सगळी पिल्लं अशीच हातोहात विकत असेल तर या टूलमध्ये नसेल. तिथे राज्याचं दुसरं पान बघा. पेनसिल्व्हेनियात वर्षात २६ किंवा जास्त कुत्री ठेवणाऱ्याला राज्याचा केनेल परवाना लागतो, राज्याचे डॉग वॉर्डन तपासणी करतात, आणि ते अहवालही राज्याच्या कृषी खात्याच्या पानावर वाचता येतात. पैदाशीच्या चार किंवा कमी माद्या असलेल्यालाही यूएसडीएतून सूट आहे. इंटरनेटवर फोटो दाखवून, न भेटता विकणाऱ्यांना मात्र २०१३ पासून, ही चारची मर्यादा ओलांडली की, परवाना लागतो. ‘पिल्लू विमानाने पाठवतो’ म्हणणाऱ्याकडे नंबर मागा, आणि नाही म्हणाला तर किती माद्या आहेत ते विचारा.

प्रयोगशाळांचे वार्षिक अहवालही याच टूलमध्ये आहेत. कुठल्या जातीची किती जनावरं वापरली, वेदना होणाऱ्या प्रयोगात किती, आणि वेदनाशामक न देता किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं. शेवटच्याला ‘ई’ रकाना म्हणतात. मुलांच्या कॉलेजचं नाव टाकून बघा. मात्र प्रयोगासाठी पैदास केलेले उंदीर, त्यांच्याहून मोठे, ‘रॅट’ म्हणतात ते उंदीर आणि पक्षी २००२ मध्ये कायद्याच्या व्याख्येतूनच वगळले गेले. प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वापर उंदरांचा, आणि नेमके तेच या हिशेबात नाहीत. माझ्या क्षेत्रात मी हे रोज बघते, आणि हे बदलायला हवं असं मला वाटतं.

धाकट्या भावाला पुण्यात मुलांसाठी लॅब्रॅडॉर कुत्रा घ्यायचा होता. मी त्याला हे पान दाखवलं तर म्हणाला, “ताई, इकडे असं नंबर टाकून कुठे बघायचं?” मी त्याला म्हटलं, “तू विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीचा कागद माग. २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे तो लागतो. पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं देत असेल तर घेऊच नकोस. आणि तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल माहिती अधिकारात माग.” दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की सरकारी कार्यालयांनी शक्य तितकी माहिती आपणहून जाहीर करावी, लोकांना अर्ज करायची वेळच कमी यावी. महाराष्ट्रात तर हा कायदा केंद्राच्या आधी, २००२ साली आला, त्यासाठी माणसं उपोषणाला बसली. ब्रीडरांच्या आणि पेट शॉपच्या तपासण्यांचे अहवाल, पुण्यात असो की नागपुरात, असेच एका पानावर नंबर टाकून वाचता यायला हवेत. मागणी करण्यासारखी ही साधी गोष्ट आहे, आणि ती पशुसंवर्धन खात्याच्या आवाक्यातली आहे. भावाने अर्ज टाकलाय.

आम्ही त्या दुकानातून पिल्लू घेतलं नाही. कार्डावर ‘बी’ नंबर होता, आणि मूळ ब्रीडरचा मिळवून बघितला तर २.४० खाली ‘रिपीट’ होतं. शेवटी घेतलं ते तीनच माद्या असलेल्या एका बाईंकडून. त्यांना परवाना लागत नाही, त्यामुळे टूलमध्ये त्यांचा एकही कागद नाही. मग मी यूएसडीएच्या नियमांचा तिसरा भाग छापून बरोबर नेला आणि त्यातली कलमं घेऊन एकेक विचारत गेले: व्हेट कोण, शेवटचं दाखवलं कधी, उन्हाळ्यात कुठे ठेवता, पाणी कुठे. मेजर टेप पर्समध्ये होता. बाईंना राग आला नाही. त्यांनी मादीला बाहेर आणलं, तिचे दात मला बघू दिले, आणि व्हेटचा फोन नंबर दिला.

वापरणाऱ्यांसाठी एक शेवटचं. ज्या ब्रीडरकडून घ्यायचं ठरवाल त्याचे उपलब्ध सगळे अहवाल, निदान मागच्या तीन वर्षांचे, पैसे देण्याआधी आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. ताजा अहवाल पानावर यायला अपिलाच्या मुदतीमुळे काही आठवडे लागतात, म्हणून पिल्लू घरी आल्यावर महिनाभराने तोच नंबर पुन्हा एकदा टाकून बघा. पुढे पिल्लू आजारी निघालं, दुकानदाराशी वाद झाला, तर व्हेटच्या दाखल्याबरोबर हेच कागद लागतात.